दहा बोटं आणि एक कवळी

मी आहे की नाही, याबद्दल वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कधी शंका आली नव्हती. बायकोलाही आली नव्हती. उलट मी थोडा कमी असतो तर घरात जरा जागा झाली असती, असंच तिचं मत होतं. पण गेल्या वर्षी एका काचेच्या खिडकीतल्या यंत्राने माझी दहाही बोटं तपासली आणि पडद्यावर लिहिलं, 'कृपया हात ठेवा.' माझा हात तेव्हा त्याच्यावरच होता.

हे सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं मी काहीतरी करून, बोटं घासून पळून निघालो होतो. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना तसंच वाटलं. त्यांनी आपली पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि नवऱ्याला पुढे उभं केलं.

मी कवळ्या करतो. दातांचा डॉक्टर नाही मी. डॉक्टर पुढच्या खोलीत असतात. तिथे हलणारी खुर्ची आहे, मोठा दिवा आहे, वाट पाहणाऱ्यांसाठी मासे आहेत. त्या खोलीच्या मागे 'प्रवेश नाही' असं लिहिलेलं एक दार आहे आणि त्या दारामागे गेली बावीस वर्षं मी आहे. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात. त्यानंतर त्यात प्लास्टर ओतणं, मेणात दात लावणं, ॲक्रिलिक शिजवणं, घासणं, घासून झालं की पुन्हा घासणं आणि मग चकाकी आणणं हे सगळं माझं. तयार कवळी एका निळ्या डबीत जाते. डबीवर सोनेरी अक्षरांत डॉक्टरांचं नाव असतं. पेशंट आरशात बघतो आणि हसतो तो डॉक्टरांकडे बघून. बावीस वर्षांत मला फक्त एका पेशंटने पाहिलं आहे, आणि तोही संडास शोधत होता.

माझी एक सवय इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ती कामाला येणार आहे. मी प्रत्येक कवळीत वरचा डावा सुळा किंचित, अगदी केसभर, तिरका बसवतो. सगळे दात सरळ रांगेत लावले की तोंडात बाथरूमच्या फरशा बसवल्यासारखं दिसतं. एक जरा वाकला की माणसाचं तोंड माणसाचं वाटतं. डॉक्टर यावर कुरकुरतात. पेशंटना काही कळत नाही, त्यांना फक्त आपला चेहरा परत मिळाल्यासारखं वाटतं.

तर मला परदेशातल्या एका मोठ्या दंतप्रयोगशाळेचं पत्र आलं. अनुभवी माणूस हवा, पाच वर्षांचा निवासाचा आणि कामाचा व्हिसा, सोबत पत्नीलाही आणता येईल. पत्र दोन पानी होतं, पण मी त्यातलं एकच वाक्य चार वेळा वाचलं. आमच्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कवळीसोबत ती करणाऱ्या कारागिराच्या नावाचं कार्ड जातं, असं ते वाक्य होतं.

"पगार किती लिहिलाय?" बायकोने विचारलं.

"कार्ड जातं," मी म्हणालो.

तिने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि पगार स्वतः शोधला. पण मला खरं सांगायचं तर त्या कार्डासाठीच जायचं होतं. आयुष्यात एकदा तरी कुणाच्या तोंडातल्या वस्तूवर माझं नाव असावं, एवढीच माझी हाव होती. रुजू होण्याची तारीख चार महिन्यांनंतरची होती. तोपर्यंत व्हिसा हातात नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती.

आमच्या घरात तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे. ते आतल्या खोलीत राहतात. एका छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षं प्रुफं तपासली आणि निवृत्त झाल्यावरही लाल पेन्सिल खिशातून काढली नाही. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी ते वर्तमानपत्र उघडतात आणि त्यातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवतात. बातम्या आम्हाला दुसरीकडून मिळवाव्या लागतात. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, सुरुवातीपासून तशी सवयच पडली नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण अजून सगळं मुलीमार्फत चालतं. परदेशाचं पत्र त्यांनीही वाचलं आणि मुलीला म्हणाले, "त्यांना सांग, तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त आहे."

त्यांची वरची कवळी मीच केलेली. बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी भिंगातून तिची दोन्ही बाजूंनी तपासणी केली होती. डाव्या सुळ्याशी भिंग थांबलं. खिशातून लाल पेन्सिल बाहेर आली. मग का कुणास ठाऊक, ती परत खिशात गेली आणि कवळी तोंडात गेली. बरी आहे, वाईट आहे, काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं होतं. बायको तेव्हा म्हणाली, "अहो, ते प्रुफं तपासायचे. चूक नसली की ते खूण करत नाहीत. तेवढंच." पण माणसाला कधीतरी समासात 'छान' असं लिहिलेलंही हवं असतं.

अर्ज अठ्ठावीस पानांचा होता. तो मी एकटाच भरून टाकला असता, पण तळमजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कना वास लागला. त्यांना सगळी इमारत नियमावली म्हणते, तोंडावर साहेब म्हणते. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती अठ्ठावीस पानांचा कागद पडला नव्हता, त्यामुळे ते चप्पल न घालताच वर आले. सोबत पंचिंग मशीन मात्र होतं.

"दहा वर्षांतले सगळे पत्ते लिहायचेत. दहा रकाने आहेत," ते म्हणाले.

"साहेब, मी याच घरात आहे."

"रिकामा रकाना दिसला की साहेबाला संशय येतो. खाली नऊ वेळा 'वरीलप्रमाणे' लिही."

मी लिहिलं. पुढचा प्रश्न होता, तुम्ही कोणतंही सरकार उलथवून टाकण्याच्या कटात कधी भाग घेतला आहे का? मी 'नाही'वर खूण करणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"सोसायटीच्या सेक्रेटरीला काढण्याच्या अर्जावर तुझी सही होती."

"पण तो अजून सेक्रेटरीच आहे."

"कट फसला म्हणून कट नव्हता असं होत नाही," ते म्हणाले, आणि स्वतंत्र पुरवणी जोडायचीच असा आग्रह धरून बसले. बायकोने चहा आणला म्हणून माझं मनगट सुटलं.

फोटोच्या नियमात लिहिलं होतं की तोंड बंद असावं, दात दिसता कामा नयेत. ज्याने हजारो लोकांना दात दिले त्याने ओठ मिटून, डोळे फाडून, कान दाखवून फोटो काढायचा. तो फोटो पाहून बायको म्हणाली की या माणसाला कोणीही देशात घेणार नाही, आणि ती स्वतः असती तर तिनेही घेतला नसता. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरांचं अनुभवपत्र. त्यांनी प्रेमाने लिहून दिलं होतं की हे गृहस्थ बावीस वर्षं मला कामात मदत करतात. मदत म्हणजे लोक समजणार टॉवेल देतो. मी दोनदा बदलून मागितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी 'बहुमोल मदत' केलं.

तर असा हा सगळा ऐवज घेऊन मी व्हिसा केंद्रात गेलो. नियमावलींनी फाइलला चौदा रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि प्रत्येक रंगाचा अर्थ सांगणारी पंधरावी. खिडकीतल्या मुलीने त्या सगळ्या भराभर उपटून टाकल्या आणि म्हणाली, "काका, उजव्या हाताची चार बोटं ठेवा."

ठेवली. मग डाव्या हाताची. मग अंगठे. मग तिने मला ओल्या कागदाने हात पुसायला लावले, मग कोरड्या कागदाने, मग फुंकर मारायला सांगितली. मग स्वतः बाहेर येऊन माझी बोटं एकेक धरून दाबली.

"काका, तुमचे ठसेच नाहीयेत."

"असतील की."

"नाहीयेत. हे बघा. गुळगुळीत आहे सगळं." तिने तिच्या सहकारिणीला बोलावलं. सहकारिणीने माझा अंगठा उजेडात धरला आणि म्हणाली, "अय्या."

बावीस वर्षांत मी कवळ्या घासत होतो अशी माझी समजूत होती. सोबत बोटंही घासत होतो, हे त्या दिवशी कळलं. ज्या कामासाठी तो देश मला बोलावत होता, त्याच कामाने माझी ओळख पुसून टाकली होती. मुलीने एकवीस दिवसांनंतरची तारीख दिली. ही शेवटची संधी, त्या दिवशीही ठसे आले नाहीत तर फाइल परत, असं ती फार गोड आवाजात म्हणाली.

त्वचेच्या डॉक्टरांनी माझी बोटं भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "काय पॉलिश आहे."

मला बरं वाटलं. कामाची पहिलीच दाद होती, बोटांना मिळाली एवढंच.

"रेषा परत येतात. तीन आठवडे कशाला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"कशाला म्हणजे?"

"कशालाच."

घरी येऊन मी हे बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घरात फारसा फरक पडणार नाही."

पण फरक पडला. मी पांढरे सुती हातमोजे घालून घरात वावरू लागलो. बायको माझ्या शर्टाची बटणं लावायची, आणि घाईत असली की एक घर चुकवायची. समोरच्या काकू रोज वाटीभर साय आणून द्यायच्या, बोटांना लावायला म्हणून, आणि मी ती बोटांना लावतो की खातो हे पाहायला थांबायच्या. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटने बोटांचा विमा काढायची हीच वेळ आहे असं सुचवलं. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या हाताकडे बघायचा आणि मग तोंडाकडे, तेही जमलं तर.

नियमावलींनी मात्र जबाबदारी अंगावर घेतली. रोज सकाळी आठ वाजता ते शाईचा पॅड आणि रजिस्टर घेऊन यायचे, दहाही बोटांचे ठसे घ्यायचे आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद करायचे. अंगठा, धूसर. तर्जनी, आशादायक. करंगळी, समाधानकारक. मग मी साबणाने, घासणीने शाई काढायचो. सहा दिवस हे अगदी शिस्तीत चाललं. सातव्या दिवशी बायको ओट्याशी उभी होती, ती वळून म्हणाली, "अहो, रोज शाई लावून रोज घासून काढताय. मग रेषा राहतील कशा?"

मग नियमावलींनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'अति तपासणीमुळे प्रगती खुंटली.' त्यानंतर तपासणी भिंगाने होऊ लागली. भिंग सासऱ्यांचं. ते त्यांनी मुलीमार्फत दिलं आणि संध्याकाळी मुलीमार्फत परत मागवलं.

सतराव्या दिवशी दहापैकी आठ बोटं उत्तीर्ण झाली. मी त्या दिवशी माझा स्वतःचा अंगठा इतका वेळ बघत बसलो होतो की चहा गार झाला. बारीक, नाजूक, गोल गोल रेषा. माझ्या होत्या आणि मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

अठराव्या दिवशी सकाळी सासरे बाहेर आले ते हातात रुमाल घेऊन. रुमालात कवळीचे दोन तुकडे होते. धुताना हातातून सटकून बेसिनवर आपटली होती. ते मुलीकडे बघून काहीतरी पुटपुटले आणि गप्प झाले. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पाठवून द्या, माझ्याकडे नवीन माणूस आलाय, तासाभरात जोडून देतो.

सासऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. मग चिठ्ठी घेतली, लाल पेन्सिलीने दोन शब्द लिहिले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून खोलीत गेले. 'त्याच्याकडून नको,' असं लिहिलं होतं.

"बाबा, चारच दिवस थांबा मग," बायको दाराशी जाऊन म्हणाली.

ते थांबायला तयार होते, तो प्रश्न नव्हता. दूध प्यायचे, त्यात बिस्किट भिजवून खायचे. पण नाश्त्याला वर्तमानपत्र उघडायचे, लाल खुणा करायचे आणि बोलायचे नाहीत. बिनदातांचं बोलणं अस्पष्ट येतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या अक्षराला बोट लावून चूक दाखवली, तो स्वतः चुकीचं अक्षर काढणार नाही. एकोणीस वर्षं मी त्या सकाळच्या वाचनाला वैतागलो होतो, आणि आता ते बंद झाल्यावर मला टोस्ट गिळवेना. दोन दिवस मी हे सोसलं. विसाव्या दिवशी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

बायकोने हातमोज्यांकडे पाहिलं. "उद्या तारीख आहे."

"हो."

"सगळं वाया जाईल. नोकरी जाईल."

"बहुतेक."

"हातमोजे घालून नाही होत?"

"जिभेला केसाएवढी धारही लागते. ती उघड्या बोटाला कळते, कापडातून नाही कळत."

तिने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग लवकर करा, ते आज पण जेवले नाहीयेत," आणि माझा एप्रन काढून दिला.

मी 'प्रवेश नाही'च्या आत गेलो. तुकडे मेणाने जुळवले, प्लास्टरवर बसवले, फटीत ॲक्रिलिक भरलं, घासलं, आणि चाकावर चकाकी आणली. अडीच तास लागले. मधे कधीतरी बोटं चुरचुरायला लागली, मग थांबली. घरी आलो तेव्हा नियमावली रजिस्टर घेऊन बसलेच होते. त्यांनी भिंग लावलं, हळूच खाली ठेवलं आणि लिहिलं, 'दहापैकी शून्य. अर्जदाराने स्वतःच्या हाताने स्वतःचे हात घालवले.'

सासऱ्यांनी कवळी तोंडात बसवली. दोनदा जबडा मिटला. सकाळी वर्तमानपत्र उघडून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "पान पाच, दुसरा रकाना, एक ओळ दोनदा छापलीय." मला उगीचच फार बरं वाटलं. मग त्यांनी बूट मागवले आणि मुलीला म्हणाले, "त्यांना सांग, मी पण येतोय."

अशी आमची वरात व्हिसा केंद्रात गेली. मी, बायको, सासरे आणि फाइल छातीशी धरलेले नियमावली. तीच मुलगी होती. "काका, बोटं ठेवा." यंत्राने त्याच शांतपणे लिहिलं, 'कृपया हात ठेवा.' मुलीने खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि आतून साहेबांना बोलावलं.

साहेब आले, यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "फाइल परत जाईल."

तेव्हा नियमावली उभे राहिले. त्यांनी अर्जासोबत मिळालेली एकशे चाळीस पानांची पुस्तिका काढली. ती अख्खी वाचलेला त्या देशाचा किंवा आमच्या देशाचा तो एकमेव माणूस असावा. "परिशिष्ट नऊ, पोटकलम क," ते वाचू लागले. "व्यवसायामुळे अर्जदाराच्या बोटांचे ठसे उपलब्ध होत नसल्यास, अधिकाऱ्याची खात्री पटेल असा त्याच्या कामाचा नमुना सादर करावा."

साहेबांनी पुस्तिका हातात घेतली, वरचं पान बघितलं, मागचं पान बघितलं. असं काही आत लिहिलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. नियमावलींचे डोळे भरून आले. सगळ्या आयुष्यात ते चारचौघांत बरोबर ठरले ते बहुधा तेव्हाच.

"ठीक आहे. नमुना आणलाय?" साहेबांनी विचारलं.

नियमावलींनी नव्याने लावलेल्या चौदा चिठ्ठ्या चाळल्या. नमुना आणला नव्हता. मी अनुभवपत्र पुढे केलं. साहेबांनी ते वाचलं. "बहुमोल मदत म्हणजे? नेमकं काय करता तिथे? खुर्ची पुसता?"

मी उत्तर देऊ शकलो असतो. पण मी वर भिंतीकडे बघत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि साडेचारला खिडकी बंद होणार होती.

सासरे पुढे आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नीट चौकोनी उलगडून काउंटरवर पसरला, तोंडात हात घातला आणि कवळी काढून रुमालाच्या मधोमध ठेवली. खिडकीतली मुलगी खुर्चीसकट मागे सरकली.

"ही त्यांनी केलीय," ते म्हणाले. ते काय बोलले ते मी इथे दात लावून लिहितो आहे. प्रत्यक्षात बायकोला मधून मधून सांगावं लागत होतं.

"यांनीच केली कशावरून?" साहेब म्हणाले.

"डावा सुळा बघा. केसभर तिरका आहे. मुद्दाम बसवलाय. बारा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी बघितला. मी अडतीस वर्षं चुका शोधल्यात साहेब. ती चूक नाही. सरळ बसवला असता तर चूक झाली असती."

मी जमिनीकडे बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला हात वर केला असता तर सगळ्यांनी पुन्हा बोटंच बघितली असती.

साहेब वाकून बराच वेळ सुळ्याकडे बघत राहिले. मग सरळ झाले. "खात्री पटली. पण नमुना मूळच जोडावा लागेल. फोटो चालणार नाही."

"परत कधी मिळेल?" बायकोने विचारलं.

"निर्णय झाल्यावर. सहा-सात आठवडे."

आम्ही सगळे सासऱ्यांकडे वळलो. तीन दिवसांचा बिनदातांचा अनुभव त्यांच्या गाठीला होता, त्यामुळे कशाला हो म्हणायचं आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते काहीतरी म्हणाले.

"घ्या म्हणतायत," बायको म्हणाली.

खिडकीतल्या मुलीने टोकाला धरून कवळी पाकिटात टाकली, पाकीट सील केलं आणि पावतीवर लिहिलं, 'दात, नग एक.' नियमावलींनी हरकत घेतली की दात चौदा आहेत, आणि पावती बदलून घेतली.

घराचा जिना चढताना मला एकदम आठवलं की लॅबच्या कपाटात माझ्याच हातच्या तीन जुन्या कवळ्या नमुना म्हणून पडून आहेत, आणि रिक्षाने वीस मिनिटांत आणता आल्या असत्या. मी तिथेच थांबलो आणि बायकोच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना कधीही सांगू नका." अजून सांगितलेलं नाही. त्यांनी हे वाचलं तर कळेल, पण त्याआधी त्यांना यातल्या बाकीच्या चुका सापडतील.

मधल्या काळासाठी दुसरी कवळी करून देऊ का असं मी बायकोमार्फत विचारलं. उत्तर चिठ्ठीवर आलं. 'एका तोंडाच्या दोन आवृत्त्या नकोत. मूळ प्रत येऊ द्या.' सात आठवडे घर चिठ्ठ्यांवर चाललं. साखर, औषध, पंखा, पान चार पहिला रकाना. समोरच्या काकूंची साय आता त्यांच्याकडे वळली.

मग पाकीट आलं. दोन्ही पासपोर्टांवर व्हिसा होता. माझ्या व्हिसावर ठशांच्या जागी 'व्यवसायामुळे उपलब्ध नाहीत' असं छापलं होतं. हे मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पदक दाखवावं तसं दाखवलं. पाकीट उलटं करून झटकलं, तर कवळी नव्हती. सोबत एक पत्र होतं. ओळखीचा पुरावा म्हणून नमुना व्हिसाच्या मुदतीपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, नोंदीत ठेवण्यात येत आहे. नियमावली म्हणाले नव्वद दिवसांत अपील करता येतं. आमचं विमान अकरा दिवसांनी होतं आणि त्याआधी सासऱ्यांना धाकट्या मेहुणीकडे पोहोचवायचं होतं.

तेव्हा त्या लॅबमधलं माझं शेवटचं काम म्हणजे त्यांची नवी कवळी. डॉक्टरांनी माप घेतलं, मी चार दिवस बसलो. डावा सुळा केसभर तिरका केला. कवळी बंद करायच्या आधी आम्ही कधीकधी टाळूच्या बाजूला पातळ पट्टीवर पेशंटचं नाव लिहून पारदर्शक ॲक्रिलिकखाली घालतो, कुठे दवाखान्यात वगैरे अदलाबदल होऊ नये म्हणून. ते विचारावं म्हणून फोन करायला उठलो, तर दार उघडलं आणि सासरे स्वतःच आत आले. बावीस वर्षांत संडास न शोधता त्या दारातून आलेला पहिला पेशंट.

"आत नाव घालू का?" मी विचारलं.

त्यांनी चिठ्ठी काढली, लाल पेन्सिलीने लिहिलं आणि द्यायला मुलगी कुठे दिसेना म्हणून असेल, चिठ्ठी माझ्या हातात दिली. 'कोणाचं?'

"तुमचं. पेशंटचंच घालतात."

त्यांनी चिठ्ठी परत घेतली आणि खाली लिहिलं, 'माझं मला माहीत आहे. तुमचं घाला.'

मी घातलं. आजवर काढलेलं सगळ्यात बारीक आणि सगळ्यात सावकाश अक्षर. दुसऱ्या दिवशी कवळी तयार झाली तेव्हा ते खिडकीशी गेले, भिंग काढलं आणि टाळूच्या बाजूचं वाचू लागले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. लाल पेन्सिल बाहेर आली. माणूस स्वतःच्या नावातसुद्धा चुकू शकतो.

पेन्सिल परत खिशात गेली. त्यांनी कवळी तोंडात बसवली, दोनदा जबडा मिटला, आणि सात आठवड्यांनंतरचा पहिला शब्द काढला. ते माझं नाव होतं, पूर्ण, आडनावासकट.

"नीट येतंय," ते मला म्हणाले.